गोरज मुहूर्ताचा मोगरा

भाचीच्या लग्नाला मे महिन्यातला गोरज मुहूर्त मिळाला, तेव्हा फुलांची सगळी जबाबदारी मी मागून घेतली. गेली काही वर्षे घरच्या आणि ओळखीच्यांच्या कार्यांत सजावट करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. लग्नातील फुले निवडताना आधी रंग पाहू नयेत, मुहूर्ताची वेळ पाहावी. कोणते फूल कधी उमलते, किती तास टिकते आणि त्याला पाणी कोठून मिळणार, हे एकदा ठरले की रंगांचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो.

मोगऱ्याचेच पाहा. त्याच्या टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या पहाटे खुडल्या जातात, दिवसभर तशाच राहतात आणि संध्याकाळी उमलतात. त्यामुळे गोरज मुहूर्ताला मोगऱ्यासारखे दुसरे फूल नाही. सकाळच्या मुहूर्तासाठी मात्र आदल्या दिवशीचा मोगरा आणला तर तो रात्रीच उमलून गेलेला असतो आणि मंगलाष्टके सुरू होईपर्यंत त्याच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडू लागतात. त्या वेळी पहाटेच्या ताज्या कळ्याच ओवाव्यात आणि त्या मोत्यांसारख्या मिटलेल्याच दिसणार, हे गृहीत धरावे. सिंधुदुर्गात सुरंगीचा हंगाम असताना लग्न असेल, तर वधूच्या केसांत सुरंगीचा वळेसर हवाच. त्या वासापुढे कोणताही परदेशी ऑर्किड फिका आहे, असे मी मनापासून मानते.

वधूवरांच्या हारांवर मी सर्वाधिक वेळ घालवते. भाचीसाठी सिंगल जातीची सुट्टी गुलछडी आणि मोगऱ्याच्या कळ्या मार्केटयार्डातून पहाटे आणल्या. गुलछडी सुईने ओवली, कारण तिचा नळीसारखा देठ दोऱ्यावर नीट बसतो. मोगरा मात्र गुंफला : दोन कळ्या उजवीकडे, दोन डावीकडे, मध्ये दोऱ्याचा फास, आणि प्रत्येक फास आधीच्या फासाला भिडलेला. फास सैल राहिला तर कळ्या फिरतात आणि फार आवळला तर देठ कापला जातो. ते प्रमाण बोटांनाच कळते. हाराची मोकळी जागा ठरवताना वराचा फेटा तुऱ्यासह मोजावा, हे मात्र पुष्कळ जण विसरतात. मानेवर येणारा भाग मी सुती कापडाच्या पट्टीचा ठेवते, म्हणजे तो टोचत नाही आणि मुंडावळ्यांच्या लडीही त्यात अडकत नाहीत. तयार हार ओल्या, घट्ट पिळलेल्या मलमलीत सैलसर गुंडाळून केळीच्या पानावर ठेवले. बर्फावर थेट ठेवलेल्या मोगऱ्यावर डाग पडतात, म्हणून बर्फाची पाटी खाली आणि तिच्यावर जाड गोणपाट, अशी व्यवस्था केली.

मंडपाच्या सजावटीत पाणी शोषून फुलांचे देठ धरून ठेवणाऱ्या हिरव्या फोमचा वापर मी पूर्णपणे थांबवला आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिथर्स यांनी तो आणला आणि त्यामुळे फुलांच्या कमानी व गोल रचना फार सोप्या झाल्या, हे खरे आहे. परंतु तो मुळात प्लॅस्टिकच आहे. एकदा वापरला की त्याचा भुगा होतो आणि तो भुगा मातीत कुजत नाही. एका साखरपुड्यात घाईघाईने मी तो हाताने दाबून पाण्यात बुडवला होता. वास्तविक तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यावा लागतो. दाबल्यामुळे आतला गाभा कोरडा राहिला आणि तासाभरात सगळ्या गुलाबांनी माना टाकल्या. त्या घरच्यांनी मोठ्या मनाने काही म्हटले नाही, पण ते गुलाब माझ्या डोळ्यांपुढून गेले नाहीत.

आता मी कुक्कुटपालनात वापरतात ती षटकोनी तारेची जाळी चुरगाळून, तिचा गोळा करून पितळी घंगाळात बसवते आणि त्यात पाणी भरते. गुलाबाचे देठ तिरके कापून खोल पाण्यात ठेवते. जरबेऱ्याला चार बोटे पाणी पुरते, कारण त्याचा लवदार, पोकळ देठ खोल पाण्यात लवकर सडतो. कार्नेशनचा देठ मात्र पेरावर न कापता दोन पेरांच्या मध्ये कापावा.

भाचीच्या मंडपात सर्वांत चांगले काम केळीच्या खुंटांनी केले. घड उतरवलेल्या केळीचे खोड टाकूनच द्यायचे असते. त्याचे हातभर तुकडे आडवे मांडून लोखंडी सळईने भोके पाडली आणि त्यांत गुलछडीच्या काड्या व पिवळी शेवंती खोचली. खोडात मुळातच भरपूर पाणी असल्याने मे महिन्याच्या उकाड्यातही रात्रीच्या जेवणापर्यंत एकही काडी वाकली नाही, आणि दुसऱ्या दिवशी फुलांसकट ते खुंट शेतातल्या खतखड्ड्यात गेले. वर झेंडूच्या लडीही सुती दोऱ्यातच ओवल्या होत्या.

येत्या डिसेंबरात पुतण्याचे लग्न आहे आणि मुहूर्त सकाळचा आहे. थंडीत मोगरा दुर्मीळ आणि महाग असतो, म्हणून हारांसाठी कागडा घ्यायचे ठरवले आहे. कागडा पांढराशुभ्र असला तरी त्याला मोगऱ्यासारखा वास नाही, तेव्हा दर चार फासांमागे मरव्याची एक डहाळी गुंफणार आहे. त्यासाठी मरव्याची चार रोपे आत्ताच कुंड्यांत लावली आहेत.