आठवी ते पीयूसी: हुशार मुलांच्या विषयांचे नियोजन

दहावीचा निकाल लागला की बेळगाव-खानापूर भागातील पालक विषयनिवडीची चौकशी सुरू करतात. ज्या मुलाची एखाद्या विषयातली समज आपल्या इयत्तेच्या बरीच पुढे गेलेली आहे, त्याच्या बाबतीत हा विचार आठवीतच व्हायला हवा आणि वेळापत्रकातून काय काढता येईल हे आधी पाहायला हवे, असे माझे ठाम मत आहे. सध्या मूल हुशार दिसले की त्याला पहाटेचा फाउंडेशन कोर्स आणि संध्याकाळी सर्व विषयांची शिकवणी लावली जाते, आणि एका वाचनात समजलेल्या गोष्टीचाच तिसऱ्यांदा सराव करण्यात त्याची उमेद खर्च होते.

नववीतल्या एका मुलीला मी विचारले होते की 7 चा 100 वा घात काढला तर शेवटचा अंक कोणता येईल. तिने वहीच्या मागच्या पानावर 7, 9, 3, 1 असे लिहिले, चार पायऱ्यांनी तेच अंक पुन्हा येतात हे ओळखून 1 हे उत्तर दिले आणि कोणी न सांगताच शेवटचे दोन अंक तपासायला घेतले. 07, 49, 43, 01 असे मांडून तिथेही चारच पायऱ्या लागतात हे तिने शोधले, तोवर तास संपला होता. अशा मुलीला नववीचेच स्वाध्याय पुन्हापुन्हा सोडवायला लावू नयेत. दहावीचे गणित तिला त्याच वर्षी वाचू द्यावे आणि उरलेल्या वेळात गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीची, म्हणजे आयओक्यूएमची, तयारी करू द्यावी. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा देता येते. तीन तासांत 30 प्रश्न असतात आणि उत्तरे पूर्णांकांत लिहायची असतात. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही तरी एकाच प्रश्नाशी तासभर झुंजण्याची सवय लागते, आणि ती मला फार मोलाची वाटते.

बाकीचे विषय मात्र तिने वर्गाबरोबरच शिकावेत. एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेत, प्रथम भाषेला 125 गुण असतात, त्यामुळे मराठी माध्यमातील मुलांनी मराठीला गृहीत धरणे बरे नव्हे. पीयूसीचे, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीचे, विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतून शिकावे लागते, म्हणून नववीपासून गणित व विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक जोडीला ठेवावे.

पीयूसीत दोन भाषा आणि चार मुख्य विषय असतात, आणि खरी ओढाताण तिथे होते. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय या दोन्ही वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून बहुतेक घरांत पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र) घेतले जाते. ज्या मुलाचा कल ठरलेला नाही त्याच्यासाठी ते योग्यच आहे. परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात, आणि गणितात रमणाऱ्या मुलाला ती तयारी करायला लावली तर गणितासाठी वेळ उरत नाही. त्याने संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र असलेला गट घ्यावा.

भाषेच्या निवडीतही उगाच गुणांचा हिशेब केला जातो. कर्नाटकातील अभियांत्रिकीच्या क्रमवारीत सीईटी या प्रवेश परीक्षेचे गुण आणि पीयूसीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे गुण निम्मे-निम्मे धरतात; भाषांचे गुण त्यात येत नाहीत. त्यामुळे ज्या महाविद्यालयात मराठीची सोय आहे, तिथे मराठी घ्यायला अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलांनी कचरू नये.

कोल्हापूरला अकरावीला पाठवावे का, हाही प्रश्न नेहमी येतो. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील 865 गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पात्रता आहे, तेव्हा केवळ त्या प्रवेशासाठी पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडायला लावण्याची गरज मला वाटत नाही. मात्र महाराष्ट्राची सीईटी तिथल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते आणि तिचा सुमारे 80 टक्के भाग बारावीचा असतो. म्हणून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी तिथली पाठ्यपुस्तके आणून आपल्याकडे नसलेले घटक वेगळे काढावेत आणि त्यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीचा वेळ राखून ठेवावा.