आमची वाटचाल : चिरा, चुना आणि जकात चौकी

गोव्यातल्या पेडण्यात एक मेस्त, म्हणजे सुतार, दोन गवंडी आणि मी, अशी आमची सुरुवात. जुन्या घरांची डागडुजी करत वर्षे बरी गेली. सांगायचे आहे ते चौकीबद्दल.

पणजीची मांडवीकाठची निळी इमारत, पूर्वीची आल्फांदेग, म्हणजे पोर्तुगीजांचे जकातघर, सगळ्यांना ठाऊक आहे; 2022 पासून तिथे 'धरोहर' संग्रहालय आहे. नदीच्या मुखावरची आमची जकात चौकी तिच्यापुढे खोपटेच. पण बांधणाऱ्याला समुद्र कळत होता. खाली दीड हात जाडीच्या जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वर तीन बाजूंना खिडक्या असलेली टेहळणीची खोली. शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड येतो, गलबत दिसत नाही. म्हणून मुखाकडच्या खिडकीत वीतभर लाकडी झडप ठेवलेली. मेस्ताने ती वडिलांच्या पटाशीने नव्याने घडवली आणि जुन्याच बिजागरीवर बसवली. झिजून बोटाएवढी उरलेली ती पटाशी तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

चुना लोण्यासारखा मुरायला आम्ही तीन महिने मागितले. काम देणाऱ्यांना घाई होती. दुसऱ्या कंत्राटदाराने पंधरा दिवसांत गिलावा करून देतो म्हटले, आणि आमचे अर्धे बिल अडवून काम त्याला गेले. त्याने नैर्ऋत्येच्या भिंतीवर सिमेंट थापले. चिरा पावसात पाणी पितो, उन्हावाऱ्यात सोडतो. सिमेंटने ती वाट बुजली, की खाऱ्या ओलीचे मीठ चिऱ्यातच फुलते. दुसऱ्याच पावसाळ्यात ताटाएवढ्या खपल्या पडल्या, प्रत्येकीच्या पाठीला चिऱ्याची लाल भुकटी.

तोवर आमचा टेम्पो विकून झाला होता. मजुरी थकलेली. तेव्हा अस्नोड्याच्या आजींनी, "पैसे आधी घे रे, कौले सवडीने परतून लाव," म्हणून हातात रोख ठेवली. त्या पैशांवर आम्ही तगलो. त्यांची कौले आजही दर मे महिन्यात आम्हीच परतून लावतो, बाकी कामे थांबवून.

चौकीवर आम्हाला पुन्हा बोलावले. सगळे सिमेंट छिन्नीने, हाताने काढले. मशीन लावले असते तर चिरा फुटला असता. तुमचे घर चिऱ्याचे असेल तर एवढे ऐका: गिलाव्याला खाडीची वाळू घेऊ नका, भिंतीला प्लास्टिक पेंट लावू नका, आणि चुन्याच्या कामाला पावसाळ्याच्या तोंडावर हात घालू नका.

चौकीच्या दारावरच्या फलकावर आजही त्या कंत्राटदाराचेच नाव आहे. आमचे पहिले अर्धे बिल अजून यायचे आहे.