वटपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, कॅन्ससमध्ये

फोन करायला मी तयार नव्हते. दुपारचे साडेबारा वाजलेले, माणसं जेवायला बसलेली असणार. परक्या गावात कुणाला ताटावरून उठवायचं, तेही सुतळी गुंडाळायची म्हणून? पण मुक्तानं माझं ऐकलं नाही. "आत्या, नंबर त्यांनीच लिहून ठेवलाय ना," म्हणाली आणि लावला फोन. पलीकडून एका बाईंचा आवाज आला, दहा मिनिटांत येते, कुठे जाऊ नका.

गावाचं नाव कॉकर सिटी. नावात सिटी, पण वस्ती पाचशेच्या आत. कॅन्ससच्या उत्तर भागात हायवे २४ वर हे गाव आहे आणि रस्त्याला लागूनच, चारी बाजूंनी उघड्या छपराखाली, सुतळीचा एक गोळा आहे. घेर ४० फुटांहून जास्त. वजनानं थोडा खाली बसलेला, पोटाशी फुगलेला, उन्हानं पिवळसर तपकिरी झालेला. जवळ गेल्याबरोबर वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. तो वास मी चाळीस वर्षांत घेतला नव्हता. वाखाचा वास.

हे सगळं सांगण्याआधी आम्ही तिथे कशा पोचलो ते सांगते. मुक्ता माझी भाची, भावाची मुलगी. मॅनहॅटनमध्ये शिकते, पण न्यूयॉर्कमधल्या नव्हे. कॅन्ससमध्येही एक मॅनहॅटन आहे, त्याला तिथले लोक कौतुकानं 'लिटल ॲपल' म्हणतात. तिथल्या विद्यापीठात ती गव्हाच्या पिठावर संशोधन करते. मी तिच्याकडे जूनमध्ये महिनाभर होते. निघण्याआधी अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या तीन घरांनी मला एकच वाक्य ऐकवलं होतं, "कॅन्ससमध्ये बघण्यासारखं काही नाही." तिघांपैकी एकानंही कॅन्ससमध्ये एक रात्र काढलेली नाही. विमानातून खाली बघून सपाट दिसलं, एवढाच त्यांचा अनुभव. मला त्याचा तेव्हाही राग आला होता आणि आता जास्तच येतो. क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असलेलं राज्य, माणसं ३० लाखांच्या आत, आणि त्यात काहीच नसेल?

मॅनहॅटनहून पश्चिमेला निघालो तेव्हा गव्हाची कापणी सुरू होती. हा गहू इथला मूळचा नाही. रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनी १८७४ मध्ये आपल्याबरोबर 'टर्की रेड' नावाचं बियाणं आणलं. पानगळीच्या दिवसांत पेरायचं, बर्फाखाली झोपू द्यायचं, जूनमध्ये कापायचं. त्या गव्हानं राज्याचं नशीब पालटलं. शेतांमध्ये चार-चार हार्वेस्टर ओळीनं चाललेले, त्यांच्यामागे भुसाचे लोट, आणि क्षितिजावर धान्याच्या कोठारांचे पांढरे मनोरे. गाव दिसायच्या कितीतरी आधी मनोरा दिसतो. आपल्याकडे देवळाचा कळस दिसतो तसा. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करत होता. मुक्ता म्हणाली, ही इथली रीत आहे, ओळख असायची गरज नाही. मग मीही पुढच्या काचेतून हात हलवायला लागले.

महामार्ग सोडून आत शिरल्यावर कुंपणाचे खांब बदलले. लाकडाचे खांब गेले आणि दगडाचे आले, मैलोन् मैल. या पट्ट्यात झाडंच नव्हती. वसाहत करायला आलेल्यांना काटेरी तार मिळाली, पण ती ताणायला खांब कुठून आणायचे? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जमिनीखाली चुनखडीचा एक पातळ थर आहे, जाडी जेमतेम आठ-नऊ इंच. ताजा उकरला की मऊ, वाऱ्यावर राहिला की टणक. ओळीनं भोकं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या, एकेक करून ठोकत जायचं, की सरळ रेषेत खांब सुटतो. आमच्या गावचे पाथरवट असेच दगड फोडायचे. एकेका खांबाचं वजन शंभर-दीडशे किलो किंवा त्याहून जास्त. तारा गंजून बदलल्या असतील, खांब अजून ताठ आहेत. मी गाडी थांबवून एकाला हात लावला. पाचरीच्या खुणा बोटांना लागतात.

ल्युकस नावाच्या गावी एका म्हाताऱ्यानं बांधलेली सिमेंटची बाग आहे, 'गार्डन ऑफ ईडन'. एस. पी. डिन्समूर, यादवी युद्धातला सैनिक, नंतर शिक्षक आणि शेतकरी. १९०७ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यानं त्याच चुनखडीच्या लांब ओंडक्यांचं घर बांधलं. हो, दगडाचेच ओंडके, लाकडासारखे घडवलेले. मग वीसेक वर्षं सिमेंटची झाडं आणि त्यांवर माणसं उभी करत बसला. आदम, हव्वा, साप आहेतच, पण मागच्या बाजूला एक श्रमिक सुळावर चढवलेला आहे आणि त्याला चढवणारे चौघे म्हणजे वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि सावकार. मला ते शिल्प फार आवडलं. कापणीच्या हंगामात कर्ज काढलेल्या माणसाच्या मनातलं शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी सिमेंटमध्ये लिहून ठेवलंय. जे आवडलं नाही तेही सांगते. डिन्समूर १९३२ मध्ये गेला आणि तिथेच, स्वतः बांधलेल्या समाधीत, काचेचं झाकण असलेल्या पेटीत पडून आहे. घरच्यांखेरीज कुणालाही एका डॉलरपेक्षा कमी घेऊन आत सोडू नये, असं त्यानंच लिहून ठेवलेलं. मुक्ता आत गेली. मी दाराशी उभी राहिले. गेलेल्या माणसाला माती द्यावी किंवा अग्नी द्यावा, असं मला वाटतं. त्याच गावात सार्वजनिक शौचालयही भल्यामोठ्या कमोडच्या आकाराचं बांधलंय, आतून-बाहेरून बाटल्या, खेळणी, काचांच्या तुकड्यांनी मढवलेलं. अमेरिकेत मी पाहिलेलं सगळ्यात स्वच्छ शौचालय तेच.

जेवणाचे हाल झाले. तिकडची खासियत म्हणजे मांसाची तिखट चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. शाळेच्या जेवणात मिळायचं म्हणून सगळ्यांच्या लहानपणाशी जोडलेलं. मी बीफ खात नाही, म्हणून दोन्ही दिवस नुसता रोल आणि तळलेले बटाटे. वाढणाऱ्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. तिनं दुसरा रोल कागदात बांधून दिला, पैसे घेतले नाहीत.

तोच रोल खात आम्ही कॉकर सिटीत उभ्या होतो.

फ्रँक स्टोबर नावाच्या इथल्या शेतकऱ्यानं १९५३ मध्ये हा गोळा सुरू केला. गवताच्या गठ्ठ्या तेव्हा सिसलच्या सुतळीनं बांधत. जनावरांना गवत टाकायचं तर सुतळी कापावी लागते आणि तुकडे गोठ्यात पडून राहतात. गाईच्या पोटात गेले तर जिवाशी खेळ. म्हणून स्टोबर तुकडे उचलून गुंडाळत गेला. त्यानं १९६१ मध्ये गोळा गावाला दिला. १९७४ मध्ये तो वारला तेव्हा गोळ्याची उंची ११ फूट आणि सुतळी १६ लाख फूट होती. तिथेच थांबला असता तर गोष्ट एका हौशी माणसाची झाली असती. पण गाव गुंडाळतच राहिलं. दर ऑगस्टमध्ये सगळे जमून गुंडाळतात. आता वजन नऊ टनांच्या पुढे आणि सुतळी ८० लाख फुटांच्या वर, म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन निम्म्याहून जास्त परत येईल इतकी. फुटपाथवरून सुतळीची एक रेघ रंगवलेली आहे, ती धरून चाललं की गोळ्यापाशी येता. दुकानांच्या काचांमागे प्रसिद्ध चित्रांच्या नकला आहेत आणि प्रत्येकीत कुठेतरी सुतळीचा गोळा. मोनालिसाच्याही हातात आहे.

मिनेसोटातल्या डार्विन गावीही असाच गोळा आहे, एकट्या माणसानं २९ वर्षं गुंडाळलेला, आणि मोठा कुणाचा यावरून जुनी चढाओढ आहे. पण तो काचेच्या खोलीत असतो. ज्याला हात लावता येत नाही त्याच्याशी मला काय करायचंय?

सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचाच भाऊबंद. दोघेही मूळचे मेक्सिकोकडचे. साताऱ्याकडे आमच्या शेताच्या बांधावर घायपात होता. आबा त्याची पानं कापून ओढ्यात कुजत टाकायचे. पंधरा दिवस ओढ्याकाठी उभं राहवत नसे. मग ती दगडावर आपटून धुतली की पांढरा वाख सुटायचा आणि पडवीत बसून मांडीवर पेड वळत आबा दावी, कासरे, शिंकी करायचे. दोरीचा वीतभर तुकडाही त्यांनी कधी टाकला नाही. पडवीच्या खुंटीला त्या तुकड्यांचा एक गुंडा लटकत असे. आबा गेल्यावर घर झाडताना आम्ही तो चुलीत घातला. मी स्वतः घातला.

बाई पिकअपमधून आल्या. पंचाहत्तरीच्या असतील, गुडघा दुखत असावा, उतरताना दार धरून उतरल्या. सुतळीचं रीळ काढलं, टोक गोळ्यावरच्या टोकाला गाठलं आणि मला विचारलं, "किती गुंडाळणार?" कुठून आलात, काय करता, काही नाही. मी म्हटलं, तुम्ही द्याल तेवढी. त्या हसल्या आणि रीळ माझ्या हातात दिलं. ओढून धरा, सैल सोडू नका, एवढंच सांगितलं.

मी चालायला लागले. गोळा उजव्या हाताला, रीळ हातात, एक फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्या फेऱ्याला माझे पाय आपोआप सावकाश पडायला लागले आणि मग कळलं हे काय चाललंय. दोनच दिवसांपूर्वी वटपौर्णिमा होऊन गेली होती. वडाला सूत गुंडाळून मला सहा वर्षं झाली. हे गेल्यापासून ज्येष्ठातल्या पौर्णिमेला मी घराबाहेर पडत नाही. शेजारणी ताटं घेऊन निघतात, कुणी काही बोलत नाही आणि कुणी बोलावतही नाही. त्यांच्या मनात वाईट नसतं. पण सहा वर्षांत माझ्या हातात कुणी सूत दिलं नव्हतं.

मुक्ता व्हिडिओ काढत होती, तिनं मध्येच मोबाईल खाली घेतला. बाई छपराच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, मला घाई करत नव्हत्या. किती फेरे झाले मी मोजले नाहीत. शेवटी रीळ रिकामं झालं, बाईंनी टोक आत खोचलं, थोपटलं आणि किती फूट झाली ते वहीत लिहिलं. मी त्यांना जेवण राहिलं असेल म्हणून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सूप आहे, गरम करता येतं."

गावाबाहेर मोठा जलाशय आहे, वाकोंडा. त्याच्या तळाशी एक खनिज पाण्याचा झरा आहे, पॉनी आणि इतर जमातींना पवित्र असलेला. नंतर तिथे आरोग्यधाम झालं आणि १९६० च्या दशकात धरण बांधल्यावर सगळं पाण्याखाली गेलं. कोयनेचं पाणीही त्याच दशकात चढलं. आम्ही काठावर पाच मिनिटं थांबलो, वारा इतका की बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी लेबनॉन गावाजवळ अमेरिकेचा मध्यबिंदू पाहिला. सलग ४८ राज्यांचा, १९१८ मध्ये पुठ्ठ्याचा नकाशा कापून टोकावर तोलून काढलेला. खरा बिंदू कुणाच्या तरी शेतात आहे, दगड थोडा बाजूला. निकोडेमस मात्र राहून गेलं. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी १८७७ मध्ये वसवलेलं ते गाव अजून आहे, आणि मी मुक्ताला घाई करून ते टाळलं कारण मला ऊन सहन होत नव्हतं. ही चूक मला अजून खुपते.

रात्री मोटेलवर तळहाताला खोबरेल लावत बसले. कुसं रुतली होती. मुक्तानं व्हिडिओ भावाला पाठवला. साताऱ्यात सकाळ होती, त्यानं लगेच फोन केला. गप्प होता थोडा वेळ. मग म्हणाला, "ताई, पीळ उजवा होता का डावा? आबा डावा घालायचे."

आम्ही दोघींनीही पाहिलं नव्हतं. मुक्ता फोटो मोठे करून करून बघत राहिली.