तुम्ही विचारलंत म्हणून: ऑनलाइन चष्मा टिकतो का?

माझा नंबर मायनस साडेपाच. चष्मा शाळेपासूनचा, आणि गेली काही वर्षं तो ऑनलाइन मागवलेला. हे एकदा कळलं की ऑफिसात, लेडीज डब्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्रश्न ठरलेला: "अगं, ते हजार-दीड हजारातले चष्मे टिकतात का? डोळ्यांना त्रास नाही ना होत?"

टिकतात. पण मी आधी उलट विचारते, तुमचा नंबर किती आणि कशाचा? कुठल्या साइटवरून घ्यायचा हा त्यानंतरचा प्रश्न.

नुसता लांबचा, मायनस एक-दोनचा नंबर असेल तर बिनधास्त मागवा. नंबर वाढला की एक आकडा महत्त्वाचा होतो, आणि डॉक्टरांच्या कागदावर बहुतेक वेळा नेमका तोच नसतो. तो म्हणजे पीडी, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही की काच प्रिझमसारखी वागायला लागते, म्हणजे दिसणारी गोष्ट बाजूला सरकवते; हे सरकवणं 'प्रिझम' याच एककात मोजतात. हिशेब सोपा आहे: सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि नंबराने गुणायचं. एका डोळ्यासमोर काच ४ मिलिमीटर सरकली, तर मायनस एकवाल्याला ०.४ प्रिझम, जे बहुधा जाणवतही नाही. मायनस सहावाल्याला तेच २.४, म्हणजे संध्याकाळी डोकं धरून बसायची वेळ. मग म्हणायचं ऑनलाइन चष्मा वाईट! तपासणीच्या वेळीच पीडी मागून घ्या, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा मिळाला तर उत्तम. फोनसमोर चेहरा धरून मोजणारी सोय छोट्या नंबराला चालेल. मी माझ्या नंबरावर तिच्या भरवशावर राहत नाही.

दुसरे आकडे तुमच्या नाकावरच आहेत. जुन्या चष्म्याच्या काडीला आतून ५०, १८, १४० असं काहीतरी छापलेलं असतं: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जो चष्मा नीट बसतोय त्याचेच आकडे धरून नवीन शोधा. फोटोतल्या मॉडेलला काय शोभतंय ते राहू दे.

मायनसवाल्यांसाठी यात पैशांचा भाग आहे. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. म्हणजे फ्रेम जितकी मोठी, तितकी जाड कड आत राहणार. साइट लगेच १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची पातळ काच सुचवते (इंडेक्स जितका जास्त, तितकी त्याच नंबराची काच पातळ) आणि बिल दुप्पट होतं. त्यापेक्षा ४८-५० ची, थोडी गोलसर फ्रेम घेतली की १.६१ वरही काम भागतं. पंचावन्नची चौकोनी फ्रेम घेऊन मग काच जाड दिसते म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी काय सांगू!

आता टिकण्याचं. मुंबईत चष्म्याचे शत्रू दोन, घाम आणि गर्दी. स्वस्त धातूच्या फ्रेमचा मुलामा घामाने जातो, आतल्या मिश्रधातूत तांबं असेल तर नाकाच्या पॅडपाशी हिरवा थर धरतो, आणि निकेल असेल तर काहींच्या कानामागे खाज सुटते. स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियम असेल तर ही कटकट नाही. दादरला गाडीत शिरताना कुणाचं कोपर लागणार असेल, तर टीआर-९० बरं. ते हलकं नायलॉन आहे, वाकतं आणि परत सरळ होतं. त्याची खोड एकच, गरम करून त्याला हवा तसा बाक देता येत नाही. अ‍ॅसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकला देता येतो, पण घामाने ते हळूहळू पांढुरकं पडतं. काच पॉलिकार्बोनेटची घेतली तर आदळून सहसा फुटत नाही, मात्र चरे लवकर पडतात, त्यामुळे हार्ड कोट हवाच. आणि ओढणीने कोरडी काच पुसणं सोडा. धूळ काचेवर घासली जाते. नळाखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावा. पाणी गरम नको, त्याने कोटिंगला बारीक तडे जातात.

ब्लू कटचे, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचे, जादा पैसे मी देत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने, १७ चाचण्या एकत्र तपासल्या. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण या काचांनी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. एकावर एक फुकट असेल तर तेवढं जरूर घ्या, पण दोन्ही साधे चष्मे आणि एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

ऑनलाइन काय घेऊ नये तेही विचारता. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर. त्यात तुमची बाहुली त्या फ्रेममध्ये नेमक्या किती उंचीवर येते हे चष्मा चेहऱ्यावर ठेवूनच मोजावं लागतं. माझी ती वेळ आली की मी मुकाट्याने दुकानात जाणार. लहान मुलांचा पहिला चष्माही दुकानातलाच. साखर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो, म्हणून ती स्थिरावल्यावरच तपासा. आणि चाळिशीनंतर नुसता मशीनवर नंबर काढून भागत नाही. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, तो डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रेशर आणि मागची नस बघितल्यावरच सापडतो. चष्म्यात वाचलेले पैसे मी या तपासणीवर घालवते.

पार्सल आलं की चष्मा घेऊन गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे जा. तो लेन्सोमीटरवर दोन मिनिटांत नंबर आणि काचेचा मध्य बघून देतो, काड्याही कानामागे बसवून देतो. आमचे काका आधी कुरकुरतात, "आमच्याकडून घेतला असतात तर..." त्यांना कामाचे पैसे द्या, फुकट मागू नका. आकडे कागदाशी जुळले नाहीत, तर परत करायची मुदत संपायच्या आत तो चष्मा पुन्हा खोक्यात.