बाण सुटल्यानंतरचे पाच तास

गेल्या सप्टेंबरातला एक शनिवार मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागातल्या एका शेतावर काढला. मॅडिसनहून चौदा क्रमांकाच्या महामार्गाने निघाले, की मॅझोमनी आणि स्प्रिंग ग्रीन मागे टाकत दीड तासात रिचलंड सेंटर येते, आणि तिथून पुढे अरुंद घाटवळणांचा रस्ता लागतो. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या या पट्ट्यावरून गेल्याच नाहीत, त्यामुळे बाकीचे राज्य सपाट असताना इथे उभे डोंगर, अरुंद दऱ्या आणि त्यांच्या तळाशी वाहणारे थंड पाण्याचे झरे शिल्लक राहिले आहेत. उतारावर समतल रेषांना धरून मका, लसूणघास आणि सोयाबीन यांचे आलटूनपालटून पट्टे पेरलेले असतात. वाशिम जिल्ह्यात वाढलेल्या माझ्यासारखीला इतक्या दूर पिवळे पडत चाललेले सोयाबीन पाहून भरून येते, हे मी कोणाला सांगत नाही; इथे लिहून ठेवते.

निमंत्रण माझ्या सहकाऱ्याचे होते. त्याचे वडील दुग्धव्यवसायातून निवृत्त झालेले शेतकरी असून गेली पन्नास वर्षे धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतात. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावरच्या शनिवारी उघडतो आणि जानेवारीपर्यंत चालतो, तर नोव्हेंबरातला बंदुकीचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा असतो. वाटेत स्प्रिंग ग्रीन ज्या सॉक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) लागते, तिथे आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत 1934 साली या राज्याने हरणांसाठी धनुष्याचा पहिला स्वतंत्र हंगाम ठेवला होता. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याशी जोडला गेला आहे, आणि मी त्याच समजुतीत वाढले. म्हणून मी जाताना सोबत म्हणूनच जाईन, हातात शस्त्र घेणार नाही, असे आधीच सांगून ठेवले होते.

दुपारचे जेवण, शेत पाहणे, घरच्यांची ओळख यांत दिवस गेला. पाहुणचार उत्तम होता, एवढे म्हणून पुढे जाते.

साडेचारच्या सुमारास आम्ही मचाणाकडे निघालो. हंगामाच्या सुरुवातीच्या दिवसांत थंडीचा लवलेश नसतो, उलट त्या दिवशी पारा 29 अंशांवर होता आणि हवेत विदर्भातल्या भाद्रपदासारखा दमटपणा होता. डासांचा मारा सतत सुरू होता, आणि गोचिडांपासून लाइम रोग होतो म्हणून विजारीचे पाय मोज्यांत खोचून चालावे लागत होते. मला सुवासाचा साबण आणि केसांचे तेल वर्ज्य करायला सांगितले होते, कारण हरणाचा खरा पहारेकरी त्याचे नाक असते. आजोबांनी (सहकाऱ्याच्या वडिलांना मनातल्या मनात मी आजोबाच म्हणू लागले होते) खिशातून एक छोटी डबी काढली, तिच्यातून मिल्कवीडच्या बीची एक म्हातारी चिमटीत धरली आणि वाऱ्यावर सोडली. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती आहे आणि तिच्या म्हाताऱ्या हुबेहूब रुईच्या म्हाताऱ्यांसारख्याच दिसतात. ती आधी शेताच्या दिशेने तरंगत गेली, मग हळूहळू वळून उताराने दरीत उतरू लागली. संध्याकाळी हवा थंड झाली की ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते, असे त्यांनी समजावले. म्हणून हरणे वरच्या रानातून उतरणार असतील, तर माणसाने त्यांच्या वाटेच्या खालच्या अंगाला बसावे. इतके साधे आणि नेमके ज्ञान मला अनेक दिवसांत कोणी दिले नव्हते.

मचाण पंधरा फुटांवर होते, शिडीचे आणि दोन माणसांना पुरेल इतके रुंद. बसण्याआधी अंगाला पट्टे बांधून ते झाडाला अडकवावे लागतात, आणि याबाबतीत आजोबा कोणाचेही ऐकून घेत नाहीत. समोर सोयाबीनचा पट्टा होता, ज्याची खालची पाने पिवळी पडली होती. पाने हिरवी असेपर्यंत हरणे त्यात रोज संध्याकाळी उतरतात, आणि ती पिवळी पडली की एका आठवड्यात पाठ फिरवून ओकच्या झाडांखाली जातात. तिथे पांढऱ्या ओकची फळे याच दिवसांत गळू लागतात आणि लाल ओकपेक्षा कमी तुरट असल्याने ती हरणांना अधिक आवडतात. आमचे मचाण नेमके त्या दोहोंच्या मध्ये होते. मला मात्र काकांच्या शेतातले मचाण आठवत होते. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांपासून सोयाबीन राखायला आम्ही रात्ररात्र जागलीला बसायचो आणि जनावराची चाहूल लागताच पत्र्याचा डबा बडवायचो. इथे मी तेच पीक समोर ठेवून, जनावर यावे म्हणून श्वास रोखून बसले होते.

सहाच्या पुढे एक मादी दोन पाडसांसह ओकखाली आली. पाडसांच्या अंगावरचे ठिपके जवळजवळ पुसले गेले होते. एवढ्या वयाची पाडसे दुधावर अवलंबून नसतात आणि कायद्याने ती मादी मारता आली असती, तरीही आजोबांनी धनुष्याला हात लावला नाही. पहिल्या आठवड्यात पाडसांमागची मादी घ्यायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम आहे. ती तिघे वीस मिनिटे आमच्या पायाखाली चरली. एक पाडस मान वर करून थेट माझ्याकडे पाहत राहिले, तेव्हा माझ्या हृदयाचे ठोके त्यालाही ऐकू जात असतील असे मला वाटले.

सात वाजायला दहा मिनिटे असताना एकटी, पूर्ण वाढलेली दुसरी मादी आली. तिचे डोके एका खोडाआड गेले तेव्हा आजोबांनी धनुष्य ओढले. या आधुनिक धनुष्याच्या टोकांना चाके असतात, आणि पूर्ण ओढल्यावर मूळ भाराचा साधारण पाचवा हिस्साच हातावर राहतो, म्हणून सत्तरीतला माणूसही नेम धरून थांबू शकतो. ती आडवी उभी राहिली, वीस मीटरांवर. बाण सुटला, आणि त्याच क्षणी मी तिला खाली दबताना पाहिले. बाणापेक्षा दोरीचा आवाज कितीतरी पट वेगाने पोचतो, आणि दचकलेले हरीण झेप घेण्यासाठी आधी पाय मुडपून खाली बसते. त्या पाव सेकंदात ते किंचित वळलेही असेल. बाण फुप्फुसांच्या जागी न लागता थोडा मागे लागला. पांढरी शेपटी खाली दाबून ती झाडीत शिरली आणि सगळे पुन्हा शांत झाले.

इथून पुढचे पाच तास, ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले, माझ्या मनातून जात नाहीत.

आम्ही अर्धा तास मचाणावरच निश्चल बसून राहिलो. मग खाली उतरून आजोबांनी जमिनीत रुतलेला बाण उपटला आणि त्याच्याकडे दिव्याच्या प्रकाशात खूप वेळ पाहिले. फुप्फुसातले रक्त तांबडेलाल आणि फेसाळ असते, आतड्याला लागले तर हिरवट चोथा आणि दुर्गंधी येते. या बाणावर दाट, काळपट लाल रक्त होते, म्हणजे बाण यकृतातून गेला होता. असे हरीण मरतेच, पण त्याला काही तास लागतात. ते बहुधा शंभर-दोनशे मीटरांवर जाऊन बसते, आणि कोणी मागे लागले नाही तर तिथेच प्राण सोडते. घाईने माग काढला, तर ते उठून मैलभर जाते, रक्ताचे थेंब थांबतात आणि ते कोणालाच सापडत नाही. रस्त्याकडे सरळ वाट असूनही आम्ही लांबचा वळसा घेऊन, पावलांचा आवाज न करता घरी आलो.

स्वयंपाकघरात बापलेकांचा वाद झाला. मुलाचे म्हणणे होते की रात्र उबदार आहे, दोन तासांपेक्षा जास्त थांबलो तर मांस खराब होईल, आणि या डोंगरांत कोल्ह्यांसारखी कायोटी फिरत असतात. ते खरेच होते. ऑक्टोबरच्या अखेरीस हेच हरीण सकाळपर्यंत निर्धास्त ठेवता आले असते, आणि सुरुवातीच्या हंगामाची मोठी अडचण हीच आहे. आजोबा म्हणाले, "मांस गेले तर माझे नुकसान आहे. ती उठून पळाली तर तिचे आहे. साडेअकराच्या आधी कोणी बाहेर पडणार नाही." त्यानंतर त्यांनी खुर्ची घड्याळासमोर ओढली आणि ते बोललेच नाहीत.

मी त्यांना विचारले, तिला आता वेदना होत असतील का. त्यांनी माझी समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. होत असतील, असे म्हणाले, आणि तिने ऐकले म्हणून असे झाले हे खरे असले तरी दोरी मी सोडली होती, असेही म्हणाले. अनेक हौशी धनुर्धारी आपल्या छंदाचे वर्णन करताना फक्त दहा सेकंदांत कोसळलेल्या हरणांच्या गोष्टी सांगतात, आणि त्याचा मला राग येतो. ज्याला या शिकारीबद्दल मत बनवायचे आहे, त्याने असे स्वयंपाकघरही पाहायला हवे. माझ्या ताटातल्या कोंबडीसाठी मी आजवर एक मिनिटही असे बसलेली नाही, हेही त्या रात्री मला स्वतःशी कबूल करावे लागले. मी चहा केला. तो तिघांच्याही कपांत तसाच थंड झाला.

साडेअकराला आम्ही निघालो. पारा अठरा अंशांवर आला होता आणि गवतावर दव साठले होते. पहिला थेंब एका ओकच्या पानावर मिळाला, तिथे नारिंगी फीत बांधली, मग गुडघ्याएवढ्या उंचीवर गवताच्या पात्याला पुसले गेलेले रक्त, मग बरेच अंतर काहीच नाही. शेवटच्या खुणेपाशी एकाने उभे राहायचे आणि बाकीच्यांनी पुढे वाकून शोधायचे, अशी पद्धत असते, आणि उभे राहायचे काम माझे होते. त्या अंधारात मी ती फीत मुठीत धरून उभी होते आणि ती मादी सापडावी म्हणून मनोमन प्रार्थना करत होते. जे जनावर मरू नये असे सकाळी वाटत होते, ते मेलेले सापडावे म्हणून मी रात्री देवाला हाक मारत होते. बाण लागल्या जागेपासून एकशेवीस पावलांवर, झऱ्याच्या काठाला, ती पाय पोटाशी घेऊन बसल्या जागी गेलेली सापडली. अंग अजून कोमट होते. आजोबा तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच बसले, मग बाही वर सारून कामाला लागले. आतडी काढून पोटात बर्फाच्या पिशव्या भरेपर्यंत रात्रीचा एक वाजला. मांस वाचले.

रविवारी सकाळी शिकारीची नोंद केली. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावीच लागते. हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक रोग या राज्यात पहिल्यांदा 2002 साली आढळला आणि हा भाग त्याच्या मुख्य पट्ट्यात येतो. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, जे शिजवून नष्ट होत नाही; म्हणून डोके तपासणीसाठी देऊन, अहवाल येईपर्यंत मांस न खाता गोठवून ठेवायचे असते. मला निघताना दोन किलोचे पुडके मिळाले, त्यावर आजोबांनी तारीख आणि नोंदणीचा क्रमांक लिहिला होता. अकरा दिवसांनी रोग नसल्याचा निरोप आला, आणि मी ते काळ्या मसाल्यात, मंद आचेवर, दोन तास शिजवले.

त्या रात्री वाशिमला काकांना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही न थांबवता ऐकून घेतले आणि मग विचारले, "अन् सोयाबीनले शेंगा कशा होत्या?" भरलेल्या होत्या, असे मी सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले. "मंग तिथं जागली कोन करते?" कोणीच करत नाही, मी म्हणाले, हरणे येतात आणि खातात. काका म्हणाले, "आमच्या इथं काल रातच्याले रोही आले होते. अर्धा एकर गेला."