बारीक जंत आणि दोन डोसांमधले चौदा दिवस

झोप लागून दोनेक तास झालेले असतात आणि मूल चुळबुळायला लागतं. पाय झाडतं, उपडं वळतं, झोपेतच हात चड्डीत जातो. सकाळी विचारलं तर 'इथे टोचतं' एवढंच सांगतं. घरात लगेच दोन वाक्यं ऐकू येतात: 'गोड फार खातो ना, म्हणून' आणि 'जंताची गोळी देऊन टाका'. पहिलं साफ चूक, दुसरं अर्धं बरोबर. गोळी लागतेच, पण घराघरांत हे दुखणं महिन्या-दीड महिन्याने परत येतं ते एकच गोळी देऊन विषय मिटला असं समजल्यामुळे.

जंत या एका शब्दात आपण बरेच प्राणी कोंबतो. गांडुळासारखा, वीतभर लांबीचा असतो तो गोल जंत. त्याची अंडी मातीत मुरतात आणि न धुतलेल्या भाजीतून किंवा मातीच्या हातांतून पोटात जातात. तांदळाच्या दाण्यासारखे चपटे तुकडे शीमध्ये दिसले तर तो पट्टकृमी, त्याचा इलाज वेगळा. इथे बोलतोय ते पांढऱ्या शिवणदोऱ्याच्या तुकड्यांसारख्या बारीक जंतांबद्दल, ज्यांना सुतकृमी म्हणतात. मादी साधारण ८ ते १३ मिलिमीटर, नर त्याहून बराच लहान. त्यांना ना माती लागते ना अस्वच्छ वस्ती. माणूस हाच त्यांचा एकमेव यजमान आहे, त्यामुळे घरातल्या कुत्र्या-मांजराला दोष देण्यात अर्थ नाही. पाळणाघर, बालवाडी, एकाच गादीवर झोपणारी भावंडं एवढं त्यांना पुरतं. चकचकीत फ्लॅटमध्येही होतात, आणि लाज वाटून शेजारणीला न सांगितल्याने जास्त पसरतात.

यांचं घड्याळ एकदा समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप सुचतात. जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला राहतात. मूल झोपलं की पोटात अंडी भरलेली मादी खाली सरकत शीच्या जागेपर्यंत येते, बाहेर त्वचेच्या घड्यांमध्ये दहा हजारांच्या आसपास अंडी चिकट द्रवासकट घालते आणि मरते. खाज येते ती यामुळे. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात, बोट तोंडात जातं. चार ते सहा तासांत ती अंडी दुसऱ्याला लागण करायला तयार असतात, म्हणजे रात्री घातलेली अंडी सकाळच्या दूध-बिस्किटापर्यंत पक्व. गिळलेल्या अंड्यातून निघालेली अळी वाढून तिने स्वतः अंडी घालेपर्यंत साधारण महिना जातो. उरलेली अंडी चादरीवर, चड्डीत, खेळण्यांवर, दाराच्या कडीवर पडून राहतात आणि दमट, गार हवेत दोन-तीन आठवडेही तग धरतात.

आता खात्री करून घेण्याबद्दल. यासाठी शी तपासायला देणं बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं आहे, कारण अंडी आतड्यात नव्हे, बाहेर त्वचेवर घातली जातात. रिपोर्टवर 'काही आढळलं नाही' असं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यापेक्षा मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी मोबाइलचा टॉर्च घ्या, अलगद चड्डी खाली करा, कुल्ले हलकेच बाजूला करून बघा. उजेड पडल्यावर पांढरा दोरा हळूहळू आक्रसताना दिसला तर शंका उरत नाही. एका रात्री दिसला नाही म्हणून नाहीच असं नाही, लागोपाठ दोन-तीन रात्री बघा.

दिसत नसेल आणि खाज मात्र असेल तर सेलोटेपची चाचणी. सकाळी मूल उठल्याउठल्या, शी आणि आंघोळ यांच्या आधी. धुतल्यावर काही हाती लागत नाही. लॅबमधून काचपट्टी आणून ठेवा. टेप पूर्ण पारदर्शक हवी, दुधाळ रंगाची चालत नाही. तिची चिकट बाजू शीच्या जागेभोवतीच्या त्वचेवर दोन-तीन ठिकाणी दाबायची आणि तीच बाजू खाली करून काचेवर सपाट चिकटवायची. एका दिवसाच्या नमुन्यात निम्म्याच वेळा अंडी सापडतात, लागोपाठ तीन सकाळी घेतले तर दहात नऊ वेळा. नमुना घेतल्यावर स्वतःचे हात साबणाने धुवा, हे लिहावं लागतं कारण विसरतं.

एक फसगत इथेच सांगून टाकतो. केळं खाणाऱ्या लहान बाळाच्या शीत बारीक काळे धागे दिसतात आणि घाबरून आया फोन करतात. ते केळ्याचे तंतू. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागेही असेच चकवतात. जंत असेल तर ताज्या शीत तो वळवळतो. भांड्यात तासन्‌तास उघडी राहिलेली शी मात्र पुरावा म्हणून धरू नका, तिच्यात माशीच्या अळ्या झालेल्या असू शकतात.

औषधाकडे येऊ. आपल्याकडे सर्रास दिलं जातं ते अल्बेंडाझोल: दोन वर्षांवरच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम एकदा आणि बरोब्बर दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच. एक ते दोन वर्षांच्या मुलाला निम्मं, म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारूनच. वर्षाच्या आतल्या बाळाला घरच्या घरी काहीही देऊ नका. मेबेंडाझोल दिलं असेल तर १०० मिलिग्रॅमचा एक डोस, त्यालाही दोन आठवड्यांनी जोड. पायरँटेल वजनावर ठरतं: किलोमागे ११ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त एक ग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला १६५ मिलिग्रॅम झाले, आणि बाटलीवर '५ मिलित २५० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर ते ३.३ मिलि. हे स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजता येत नाही, औषधाची सिरिंज किंवा खुणांचं झाकण वापरा. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवावं. मुलाला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते आधी सांगाच. मेंदूत पट्टकृमीची गाठ असेल तर अल्बेंडाझोलने झटका येऊ शकतो.

लहान मुलाला अख्खी गोळी गिळायला लावू नका. दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये गोळी ठेवून दाबली की सहज पूड होते, मग थोडंसं पाणी घालून भरवा. रडत असताना नाक दाबून घशात ओतणं हा ठसका लागून जीव गुदमरण्याचा रस्ता आहे. पाच मिनिटं थांबा, शांत झाल्यावर द्या.

दुसरा डोस का? औषध आतड्यातले जंत मारतं, अंड्यांपर्यंत मात्र त्याची मजल जात नाही. ज्या दिवशी गोळी दिली त्याच संध्याकाळी चादरीवरचं अंडं मुलाने गिळलं तर महिन्याभरात नवी मादी तयार. चौदाव्या दिवशी दुसरा डोस दिला तर मधल्या काळात गिळलेल्या अंड्यांतले जंत स्वतः अंडी घालण्याआधीच सापडतात. पाचव्या दिवशी उरकून टाकला तर काही अंडी अजून पोटात जायचीच असतात. दीड महिन्यावर ढकलला तर नवी मादी अंडी घालून मोकळी. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला गोळी देतात. तीही अल्बेंडाझोलच, पण ती मोहीम मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे आणि दोन गोळ्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं. त्यामुळे 'शाळेत गोळी घेतली तरी परत जंत कसे' या प्रश्नात गूढ काही नाही. शाळेत नुकतीच गोळी मिळाली असेल तर तारीख डॉक्टरांना सांगा, तिलाच पहिला डोस धरायचा का ते ते बघतील.

आणि औषध घरातल्या सगळ्यांना, एकाच दिवशी. ज्यांना खाज नाही त्यांनाही. आजी 'मला काय होतंय' म्हणून गोळी टाळते आणि तिच्याच कुशीत नातू झोपतो. बाबा दौऱ्यावर असतात आणि त्यांचं राहून जातं. सांभाळायला येणाऱ्या ताई दिवसभर मुलासोबत असतील तर त्यांनाही विचारून द्या. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, अंगावर पाजणाऱ्या आईनेही आधी विचारावं.

आता सकाळ. या चौदा दिवसांत सगळं महत्त्वाचं काम उठल्यानंतरच्या तासाभरात होतं, आणि तिथेच आपल्या घरांची सवय आड येते. मूल उठतं, तसंच स्वयंपाकघरात येतं, ओट्यापाशी बसून हातात बिस्किट घेतं. त्याऐवजी उठल्यावर थेट बाथरूम. संध्याकाळची आंघोळ या कामाची नाही, रात्रीची अंडी सकाळीच धुवायला हवीत. मुलाला टबात बसवू नका, उभं करून मगने पाणी घाला, पुढून मागे धुवा. मुलींच्या बाबतीत ही दिशा विशेष पाळायची. भावंडांची आंघोळ एका टबात नको. धुऊन झालं की नखं घासून हात साबणाने, आणि मग दूध.

नखं अगदी मुळाशी, दर तीन दिवसांनी. कापलेले तुकडे जमिनीवर न पाडता कागदावर घेऊन टाका. मुलाची शी धुणाऱ्या हाताची नखंही तेवढीच लहान हवीत. तोच हात दहा मिनिटांनी कणीक मळतो. सॅनिटायझरवर विसंबू नका, या अंड्यांना अल्कोहोलने काही होत नाही. साबण आणि चोळणं यांनी ती निघून जातात.

रात्री घट्ट बसणारी सुती चड्डी घाला, म्हणजे झोपेत बोट थेट त्वचेला लागत नाही. सकाळी ती रोज बदलायची. खाज फार असेल तर झोपताना शीच्या जागेभोवती व्हॅसलीनचा पातळ थर द्या. लसूण तेलात परतून लावणं, कापूर चोळणं असले प्रकार नाजूक कातडीवर करू नका, सोलवटलेल्या जागेवर नुसती आग होते.

पहिला डोस दिला की दुसऱ्या सकाळी अंथरूण आवरा, आणि इथे एक हातचलाखी लागते. चादर झटकायची नाही. आपण पोरांना शिकवतो ते बरोबर उलटं. चारी कोपरे आत घेऊन गुंडाळी करायची आणि तशीच मशीनमध्ये किंवा बादलीत टाकायची. पाणी ६० अंशांचं असावं. मशीन गरम पाणी घेत नसेल तर कडकडीत पाण्यात भिजवून मग धुवा. चड्ड्या आणि रात्रीचे कपडे रोज, चादर-अभ्रे दोन-तीन दिवसांनी. गोधडी रोज धुणं कोणालाच झेपत नाही. तिच्यावर एक जुनी साडी किंवा चादर पसरा, ती धुवा, आणि गोधडीला दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवा. कोरडी उष्णता अंड्यांना सोसत नाही. पावसाळ्यात कपडे अर्धवट सुकतात तेव्हा चड्डी आणि अभ्र्यांवर गरम इस्त्री फिरवलेली बरी.

झाडूने कोरडं झाडलं की अंडी धुळीबरोबर उडतात, वर पंखा असतोच. त्यामुळे आधी ओल्या फडक्याने पुसा, पलंगाखाली आणि गादीच्या कडांनाही. टूथब्रश बाथरूमच्या उघड्या पेल्यातून काढून कपाटात ठेवा आणि वापरण्याआधी धुवा. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्यात, मऊ अस्वल उन्हात. रोज घर डोक्यावर घेण्याची गरज नाही. सकाळची आंघोळ, नखं आणि दोन डोस यात चूक झाली नाही तर पडदे धुवायचे राहिले म्हणून बिघडत नाही.

गोळी दिल्यावर दुसऱ्या दिवशीही रात्रीची खाज असू शकते. आठवडाभर थोडीफार राहते. शीत मेलेले जंत दिसतील किंवा अजिबात दिसणार नाहीत, दोन्ही ठीक. म्हणून तिसऱ्या दिवशी घाबरून जास्तीची गोळी देऊ नका.

लहान मुलींमध्ये जंत पुढच्या बाजूला सरकतात. मग लघवीच्या जागी खाज, लाली, पाणी जाणं, कधी सुटलेली सवय मोडून पुन्हा अंथरूण ओलं होणं असं दिसतं, आणि घरचे लघवीच्या संसर्गाच्या मागे लागतात. लघवी तपासायलाही द्या, पण रात्री टॉर्चने बघायला विसरू नका. ताप, शीतून रक्त, पोटात उजवीकडे खाली सतत दुखणं किंवा खाजवून चिघळलेली, पू आलेली जागा असेल तर घरगुती हिशेब थांबवून डॉक्टरकडे जायचं.

आणि ज्यांचा दोष नाही त्यांना सोडून द्या. मुलं दात खातात ती जंतांशिवायही, तोंडावरचे फिकट पांढरे डाग बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात. वावडिंगाचं पाणी बाळांना परंपरेने देतात, द्यायचं तर द्या, पण त्याच्या भरवशावर गोळी टाळू नका.

दुसऱ्या डोसानंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा दोन रात्री टॉर्च लावून बघा. परत जंत दिसले तर औषध बदलण्याआधी कोणाची गोळी राहिली ते मोजा, आणि पाळणाघराच्या ताईंना न लाजता सांगा. तिथली बाकीची पोरंही त्याच आठवड्यात औषध घेतील तरच तुमच्या चौदा दिवसांच्या आंघोळींचा उपयोग होईल.