रात्री गळणारा आणि दुपारी भरणारा लूप

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की पुढची नोंद पाणी भरल्यावरच. पाणी भरलेलं नाही. गेले अकरा दिवस मी कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बंद चक्रात, म्हणजे लूपमध्ये, तो कोरडा असतानाच नुसती हवा भरतोय आणि ती कुठून जातेय ते शोधतोय. ती जातच नव्हती. हे कळायला अकरा दिवस, दोन डझन ओ-रिंगा (सांध्यातून गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या), सप्लायरला पाठवलेली एक तिखट मेल आणि आई, एवढं सगळं लागलं.

ज्यांना मागचं आठवत नसेल त्यांच्यासाठी: एनआर२०० कॅबिनेट, म्हणजे सव्वाअठरा लिटर. छोटा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, ७८००एक्स३डी प्रोसेसर, ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड, पाणी फिरवायला डी५ पंप, १०/१६ ची (आतून १०, बाहेरून १६ मिमी) मऊ काळी ईपीडीएम रबराची ट्यूब. रेडिएटर (पाण्यातली उष्णता पंख्यांनी हवेत सोडणारी जाळी) एक, २४० मिमीचा म्हणजे १२० च्या दोन पंख्यांचा, ३० मिमी जाड, बाजूच्या ब्रॅकेटवर. (हे ‘एक’ लक्षात ठेवा, खाली त्याचा निकाल लागणार आहे.) पडदा ३२ इंची ४के. कडक ट्यूब का नाही, हा प्रश्न कृपया पुन्हा नको. जी गोष्ट दर दोन महिन्यांनी उघडायची, तिला मी काचेच्या बांगड्या घालत नाही.

आधी चांगली बातमी. पंपाचं ब्रॅकेट आलं. इथे पुण्यात नऱ्ह्याच्या एका लेझर कटिंगवाल्याकडून दोन मिमी ॲल्युमिनियममध्ये कापून घेतलं. मी ड्रॉइंग दाखवलं तर काका म्हणाले, “किती नग?” म्हटलं, एक. त्यांनी चष्मा वर केला. “एकच? साहेब, दोन तरी काढा. एक हरवला तर?” शेवटी कुठल्या तरी पॅनेलच्या शीटच्या उरलेल्या कोपऱ्यातून काढून दिलं, आणि कडा घासून! बाहेरून मागवलेल्या तयार ब्रॅकेटपेक्षा हे सरस बसलंय. चारही भोकं पहिल्या फटक्यात जुळली. मी ते दिवसभर टेबलावर ठेवून येता-जाता बघत होतो. लोक फिटिंगसाठी (ट्यूबच्या जोडण्यांसाठी) मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या करतात, आणि ब्रॅकेटसारखी वस्तू सिंहगड रोडवरून दहा मिनिटांवर मिळते हे आपल्याला सुचत नाही. फिटिंगचं मात्र दुःख आहे. तापकीर गल्लीत पंखा, केबल, थर्मल पेस्ट, हवं ते मिळेल. जी-वन-फोर धाग्याचं (लूपच्या भागांना लागणाऱ्या आट्यांचं) फिटिंग मागितलं तर दुकानदार आरओच्या दुकानाचा पत्ता देतो.

आता गळती.

पद्धत नेहमीचीच. सगळा लूप टेबलावर कोरडा जोडला, हातपंपाचा गेज लावला, ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) हवा भरली. सूचनापत्रकात लिहिलंय, अर्धा तास सुई हलली नाही तर पुरे. अर्धा तास हललीच नाही. पण कार्डाची किंमत आठवली की अर्ध्या तासावर विश्वास बसेना, म्हणून रात्रभर ठेवला. रात्री साडेनऊला ०.५०. सकाळी साडेसहाला ०.४५.

पाच शतांश. कमी नाही. चहा तसाच ठेवून साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्यावर ब्रशने लावला. एकही बुडबुडा नाही. सगळी फिटिंग पुन्हा आवळली. दुसरी रात्र: ०.५०, सकाळी ०.४५. मग सगळं सोडवलं, प्रत्येक ओ-रिंग काढली, नवी बसवली, बोटाने सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला. तिसरी रात्र: ०.४४. म्हणजे दुरुस्तीनंतर आणखी वाईट!

मग शास्त्रशुद्ध व्हायचं ठरवलं. तुकडे पाडले. एका रात्री नुसता रेडिएटर, दोन्ही टोकांना प्लग. पडला. दुसऱ्या रात्री नुसता कार्डाचा ब्लॉक (चिपवर बसून तिची उष्णता पाण्याला देणारा धातूचा ठोकळा). तोही पडला. सीपीयू ब्लॉक आणि पंप, तेही पडले. गंमत म्हणजे सगळे जवळजवळ सारखेच पडत होते. पोलिसांनी पाच संशयित वेगवेगळ्या खोल्यांत बसवावेत आणि पाचांनी शब्द न शब्द तीच जबानी द्यावी, तसं. कुठल्याही शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. मी निष्कर्ष काढला की सगळा माल खराब आहे.

शेवटी नुसता गेज, वीतभर ट्यूब आणि एक प्लग. ०.५० चे ०.४५. सापडला! गेजच गळका. त्याच रात्री सप्लायरला मेल लिहिली. तिच्यात ‘दर्जा’ हा शब्द तीन वेळा आणि ‘अपेक्षा नव्हती’ दोन वेळा होतं. त्या सप्लायरबद्दल इतर तक्रारी माझ्या आहेतच, फिटिंगची पिशवी नुसती स्टेपल मारून पाठवतात वगैरे. पण ही मेल त्यांच्यावर अन्याय होती.

रविवारी तोच पूर्ण लूप पुन्हा जोडून टेबलावर पडला होता. सकाळचा आकडा ०.४४. मी वैतागून त्याच्याकडे बघणंही सोडलं होतं. दुपारी चारच्या सुमाराला आई चहा ठेवायला आली.

“अरे, तुझी ती सुई सकाळी खाली होती ना? वर गेलीय बघ.”

“आई, ती वर जाऊच शकत नाही.”

“मग मी काय खोटं बोलतेय?”

गेलो. ०.४९. हात न लावता. गळका लूप स्वतःहून हवा भरून घेत नाही, हे मलाही कळतं. मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. आई म्हणाली, “उन्हाने असेल. तुझे बाबा नाही का सायकल उन्हात लावू द्यायचे नाहीत, ट्यूब फुटेल म्हणून.”

झालं. अकरा दिवसांचं उत्तर बाबांच्या सायकलीत होतं.

हिशोब करून बघा. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. एप्रिलमध्ये स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळनंतर खोलीत ओकतो, त्यामुळे रात्री साडेनऊला खोलीत ३५ अंश. मग खिडक्या उघडायच्या, पहाटेपर्यंत खोली २५ वर. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे केल्विनमध्ये ३०८ वरून २९८. गेजवरचा आकडा बाहेरच्या हवेच्या वर किती, तेवढाच असतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे बाहेरची हवा सुमारे ०.९५ बार. म्हणजे आतला खरा दाब १.४५. त्याला २९८ ने गुणा, ३०८ ने भागा: १.४० येतो. बाहेरचे ०.९५ वजा केले की गेजवर ०.४५. अकरावीतलं गणित. पहिल्या रात्रीचा आकडा बरोबर हाच होता. त्या रात्री लूप कुठेही गळत नव्हता!

आणि ०.४४? तो वरचा एक शतांश मात्र खरा होता, आणि तो मी स्वतः केलेला. ओ-रिंगा बदलताना ड्रेन व्हॉल्व्हच्या प्लगची रिंग पिळून बसली होती. प्लग काढल्यावर तिच्यावर नखाएवढी चिमटी दिसली. खोटी गळती शोधताना खरी तयार केली. रिंग बदलली, आणि या वेळी पद्धतही: रात्री साडेनऊचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडायचा नाही, दुसऱ्या रात्री साडेनऊच्याच आकड्याशी ताडायचा, खोली पुन्हा ३५ वर आल्यावर. ०.५०. चोवीस तासांनी ०.५०. सुईचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीने विचारलं, बीपीचं मशीन का?

सप्लायरला माफीची मेल गेली. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: “सर, नवीन गेज डिस्पॅच झाला आहे, परत पाठवू नका.” आता माझ्याकडे दोन गेज आहेत. कोणाला हवा असेल तर या, कोथरूडपर्यंत आणून देईन.

इथे नोंद संपायला हवी होती. पण गळतीच्या नादात मी अकरा दिवस खोलीचं तापमान वहीत लिहून बसलोय, आणि ती वही बघताना पोटात गोळा आला. दुपारी चारला ३६. संध्याकाळी सातला ३६. रात्री नऊला ३५. मी खेळतो कधी? रात्री नऊला.

एका रेडिएटरचं माझं सगळं गणित २१-२२ अंशांच्या खोलीवर आधारलेलं होतं, कारण ज्यांचं बघून मी शिकलो त्यांच्या खोल्या तशा असतात. पाणी खोलीपेक्षा किती वर जातं, ते वॅट आणि रेडिएटरवर ठरतं. खोली तापली की तेवढंच पाणीही वर सरकतं. कार्ड ३०० वॅटचं. उघड्या टेबलावर, पाण्याऐवजी पंख्याचा साधा कूलर लावून बघितलं तर खेळताना प्रोसेसर ५०-६० वॅटच्या पुढे जात नाही. ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, १४४०पी पडद्याच्या सव्वादोन पट, सगळी मजुरी कार्ड करतं आणि प्रोसेसर आरामात असतो. खरं सांगायचं तर त्याला पाणी पाजणं ही हौसच. पंप धरून ३८० वॅट म्हणू. आपला ठोकताळा, दर १२० मिमीला शंभर वॅट. एका २४० वर ३८० वॅट टाकले आणि पंखे शांत ठेवले, तर पाणी खोलीच्या १५ ते २० अंश वर. २१ च्या खोलीत ते ४० च्या आसपास, कोणी तक्रार करणार नाही. माझ्या खोलीत ५५. डी५ ची मर्यादा ६०. ही काही मर्यादेजवळ खेळायची गोष्ट नाही. लूपमध्ये पाणी रेडिएटरमधून आधी न्यायचं की ब्लॉकमधून आधी, या नेहमीच्या वादाने इथे काहीही वाचत नाही; मिनिटाला तीन लिटर पाणी फिरत असेल तर ३८० वॅटनेही लूपच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन अंशांचासुद्धा फरक पडत नाही.

पहिला विचार: तळाला दुसरा २४०. एनआर२०० मध्ये जागा आहे, ब्लॉक लावल्यावर कार्ड एका स्लॉटचं झालंय, पंखेही बसतील. पण मग पंप कुठे? नऱ्ह्याचं ते देखणं ब्रॅकेट नेमकं तळालाच आहे. ते काढायला माझा जीव होत नाही, कारण तर्काला धरून नाही, पण आहे.

दुसरा: कार्डाची पॉवर लिमिट २४० वर आणायची. हे करणारच आहे, कोणी काही म्हणो. थोडे फ्रेम जातात, ६० वॅट वाचतात, शिवाय ते ६० वॅट माझ्याच खोलीत येणार असतात.

आणि तिसरा हे लिहिता लिहिता सुचला. आपण घरी कूलर काय करतो? मार्चमध्ये माळ्यावरून काढतो, पावसाळा लागला की पुसून परत वर. रेडिएटरलाही तसंच का नाही? कार्ड एका स्लॉटचं, म्हणजे मागचे दोन स्लॉट रिकामे. तिथून दोन पास-थ्रू (पत्र्यातून आरपार जाणारी फिटिंग) बाहेर काढायचे, त्यांना क्विक डिस्कनेक्ट, म्हणजे पाणी न सांडता झटकन सुटणारी कपलिंग. उन्हाळ्यात बाहेर एक ३६० चा रेडिएटर टेबलाखाली उभा, जोडला की झालं. जूनमध्ये काढला की बाहेरची नर-मादी कपलिंग एकमेकांत अडकवायची, लूप पुन्हा बंद. कॅबिनेट सव्वाअठरा लिटरचंच राहतं, निदान आठ महिने. कपलिंगमुळे प्रवाह थोडा घटेल, पण डी५ ला तेवढा दम आहे.

अडचण एकच दिसतेय. दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी, आणि माझं १०/१६ चं कॉम्प्रेशन फिटिंग कॅलिपरवर २१ भरलं. शेजारी शेजारी बसणार नाहीत. भोकं तिरकी घ्यावी लागतील, एक वर एक खाली, आणि दोन्ही स्लॉटची मिळून एकच पट्टी कापावी लागेल. पाण्याचं म्हणाल तर पाच लिटरचा बॅटरीच्या पाण्याचा कॅन इन्व्हर्टरवाल्याकडून आणून ठेवलाय, आरओच्या टीडीएस मीटरवर २ दाखवतो, त्यात तयार इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) जाईल. तो कॅन आता अजून काही आठवडे तसाच राहणार. गुरुवारी नळाला पाणी नसताना आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, मी उचलून कपाटावर ठेवला.

पट्टीचं ड्रॉइंग आत्ताच नऱ्ह्याला पाठवलं. पाच मिनिटांत काकांचा मेसेज: “एक की दोन?”

दोन सांगितले.